पाण्यावरची रेघ

"डोंगा थांबवू का चालू देऊ?"

काठापासून शंभरेक हात आत गेलेल्या मामांनी वल्हं उचलून विचारलं. पाणी इतकं निवांत होतं की शब्द जसेच्या तसे काठावर आले. माझ्या शेजारी उकिडवा बसलेला ड्रोनवाला मुलगा पडद्यावरची नजर न काढता ओरडला, "चालू द्या मामा! थांबू नका. वर पाहू नका. रोज जाता तसे जा."

मामांनी वल्हं पाण्यात घातलं. पडद्यावर, चाळीस मीटर उंचीवरून, हिरवट गढूळ पाण्यात पडलेली एक काळी काडी दिसत होती. तिला एकाएकी शेपूट फुटलं. काडीच्या टोकापासून दोन बारीक रेषा मागे फाकत गेल्या. त्या दोन रेषांच्या मधे वल्ह्याच्या प्रत्येक माऱ्याचा एकेक गोल भोवरा उमटला, एक डावीकडे, एक उजवीकडे, गोधडीला घातलेल्या धावदोऱ्यासारखा. क्षणापूर्वी ओंडका म्हणून सोडून दिलं असतं अशी ती वस्तू आता नाव झाली होती, आणि ती कुठून निघाली, कुठे वळली, कुठे मामांनी दम खाल्ला हे लहान पोरालाही सांगता आलं असतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, वाशीमजवळचं एकबुर्जी धरण, सकाळचे पावणेसात. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय एका शब्दात कळवला होता: 'वरून'. किल्ले, घाट, शहरं वरून कशी दिसतात यावर लिहिणारे पुष्कळ असतील, असं मला वाटलं. मला चालत्या नावेचा वरून काढलेला फोटो पाहायचा होता, तोही आमच्या जिल्ह्यातला. आपल्याकडे न टिकणाऱ्या गोष्टीला पाण्यावरची रेघ म्हणतात. ती रेघ टिकवून ठेवणारी ही कला आहे, आणि ती दोन माणसांना मिळून साधावी लागते. त्या दोघांमधल्या एकाचं नाव मात्र फोटोखाली कधीच येत नाही. त्याच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

नद्या जिथून निघून जातात

वाशीम आणि नाव हे दोन शब्द एकत्र ऐकले की बाहेरचा माणूस चमकतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा लोकांना माहीत असतो तो सोयाबीनसाठी, कारंज्यासाठी, पोहरादेवीसाठी. इतिहास वाचणाऱ्याला वाकाटकांचं वत्सगुल्म आठवतं. पाणी कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, आणि त्याला भूगोलाचं कारण आहे. हा जिल्हा पाणी दोन्हीकडे वाटून देणारी पाठ आहे. काटेपूर्णा इथे उगम पावते आणि उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात निघून जाते. अडाण आणि अरुणावती इथेच जन्मतात आणि दक्षिणेला पैनगंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे वळतात. दक्षिणेची वेस सांभाळत जाणारी पैनगंगा सोडली, तर बाहेरून येऊन या जिल्ह्याला भिजवणारी मोठी नदी नाही. जे पाणी आहे ते अडवलेलं.

म्हणून इथली नाव धरणावर असते. चंद्रभागा नावाच्या लहानशा नदीवर एकबुर्जी आहे. वाशीम शहर त्याचंच पाणी पितं. कारंज्याजवळ अडाण धरण आहे. बाकी पाझर तलाव, गावतळी, साठवण तलाव. या सगळ्या पाण्यांवर पहाटे कुणीतरी असतंच. बहुतेक ठिकाणी तो भोई समाजाचा माणूस असतो. या समाजाने एके काळी पालख्या वाहिल्या, नदीला उतार दिला. आता मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडतात आणि मोठी झाली की काढतात. संध्याकाळी तंगूसचं जाळं पसरायचं, पहाटे उचलायचं, सकाळीच बाजारात माल पोचवायचा. एवढ्या वेळापत्रकात फोटो कुणाला सुचणार?

नावही डोळ्यात भरणारी नसते. कुणी ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून बसतो, कुणी थर्माकोलचे तुकडे पोत्यात आणि जुन्या जाळ्यात आवळून त्याचा तराफा करतो. मामांकडे लाकडी डोंगा आहे. फळ्यांच्या सांध्यांवर डांबर थापलेलं, तळाशी पाणी उपसायला कापलेला तेलाचा डबा, बसायच्या फळीवर दुमडलेलं पोतं. वल्ह्याची मूठ हाताच्या घामाने काळी आणि गुळगुळीत झालेली. मी ती हातात घेतली तेव्हा कळलं की ती मधोमध नाही, थोडी डावीकडे झिजली आहे. मामांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आहे. पुढे हीच गोष्ट मला फोटोत पाण्यावर लिहिलेली दिसली.

रेघेचा कोन

पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूमागे तो पंखा का उघडतो, याचं उत्तर लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये मांडलं. खोल पाण्यात ठरावीक वेगाने जाणाऱ्या वस्तूमागच्या लाटा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेएकोणीस अंशांत सामावतात. म्हणजे पूर्ण पंखा एकोणचाळीस अंशांचा. बदक असो, डोंगा असो की मालवाहू जहाज, कोन तोच. वेग वाढला की पंख्यातल्या लाटा मोठ्या होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, पण पंखा रुंद होत नाही. काठावर उभं राहून हे कळत नाही, कारण काठावरून लाट आडवी दिसते. वरून पाहिल्यावरच तो कोन उघड होतो.

या नियमाला एक अपवाद सापडला आणि तोही हवाई फोटोंतूनच. २०१३ मध्ये फ्रान्सचे मार्क राबो आणि फ्रेदेरिक मोआझी या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी गूगल अर्थवरच्या चित्रांत चालत्या बोटी शोधल्या आणि त्यांच्या मागचे कोन मोजले. अति वेगाने पळणाऱ्या बोटींचा पंखा केल्विनच्या कोनापेक्षा अरुंद निघाला. सव्वाशे वर्षांच्या समजुतीत भर घालायला कुणीतरी सहज टिपलेली चालत्या नावांची चित्रं कामाला आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मामांच्या डोंग्याला एवढा वेग कुठला? पण हळू चालणाऱ्या नावेचंही गणित आहे. सेकंदाला सुमारे तेवीस सेंटिमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर पाण्यावर लाटांचा पंखा उठतच नाही. मामा जाळ्याजवळ आले आणि डोंगा नुसता तरंगू लागला तेव्हा पडद्यावरची शेपटी विरून गेली ती यामुळे. ते पुन्हा नेटाने वल्हवू लागले की ती परत आली. सेकंदाला एक मीटर हा चांगल्या वल्हवणाऱ्याचा वेग. त्या वेगाला नावेमागच्या आडव्या लाटा एकमेकींपासून साधारण चौसष्ट सेंटिमीटरवर येतात. वेग दुप्पट झाला तर हेच अंतर चौपट. तेव्हा फोटोत डोंग्याची लांबी माहीत असली आणि लाटांमधलं अंतर मोजता आलं, तर माणूस किती जोर लावत होता हे घरी बसून काढता येतं. मी तसं काढून पाहिलं. मामांचा वेग सेकंदाला एक मीटरच्या किंचित खाली आला. साठीतल्या माणसाचा, ओलं जाळं घेऊन.

पण हे सगळं दिसायला उजेड हवा, आणि तो योग्य ठिकाणाहून यायला हवा. ड्रोनवाल्या मुलाने आम्हाला पहाटे बोलावलं त्याचं पहिलं कारण वारा आणि दुसरं कारण ऊन. दुपारी बाराला कॅमेरा सरळ खाली रोखला की पाण्यात सूर्यच दिसतो, चित्रात पांढरा डाग येतो. सकाळी सूर्य खाली असतो. तेव्हा प्रत्येक बारीक लाटेची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि रेघ उठून दिसते. शेतातल्या सऱ्या सकाळी जशा स्पष्ट दिसतात आणि दुपारी सपाट होतात, तसंच.

तिरक्या फोटोसाठी तो भिंगापुढे एक गडद काच चढवतो. तिला तो 'पोलरायझर' म्हणतो. पाण्यावरून परतणारी चमक ती शोषून घेते, पण कुठल्याही कोनातून नाही. कॅमेरा क्षितिजाच्या खाली साधारण सदतीस अंश झुकलेला असला की तिचा गुण सगळ्यांत जास्त. त्या कोनातून पाण्याखालचं गवत, बुडालेलं झुडूप, जाळ्याचे तरंगते ठोकळे, सगळं दिसायला लागतं. सरळ खाली पाहताना तिचा उपयोग जवळपास नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शे-दोनशे लग्नांचे फोटो काढता काढता त्याच्या हाताला कळलं होतं.

एक पाण्यावर, एक काठावर

हा मुलगा वाशीममध्ये लग्नाचं शूटिंग करतो. हळद, वरात, आणि अलीकडे 'प्री-वेडिंग'. नवरानवरीला धरणावर न्यायचं, संध्याकाळच्या उन्हात उभं करायचं, वरून फिरवून घ्यायचं. तो म्हणाला, "ताई, उभ्या माणसाचा शॉट कोणीबी घेते. चालत्या डोंग्याचा घेऊन दाखवा म्हणा." त्याचं म्हणणं मी दोन सकाळी पाहिलं आणि पटलं.

पहिली अडचण अशी की दोघं एकमेकांना ऐकू शकत नाहीत. मामा दूर गेले की हाक पोचत नाही, आणि पोचली तरी ते मान वर करतात. मान वर केली की हात थांबतो. हात थांबला की रेघ तुटते. म्हणून आधी काठावर बसून सगळं ठरलं. कुठल्या बाभळीपासून निघायचं, कुठल्या खडकाला वळसा घालायचा, कुठे सरळ जायचं. लाल गमछा एकदा हलवला तर पुन्हा तेच. दोनदा हलवला तर परत या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती केली: "त्या खडकाजवळून नको. थे जागा उथळ हाये, तिथं डोंगा घासते. थोडा बाहेरून नेतो." त्या दुरुस्तीने वळण मोठं झालं, आणि दोन दिवसांतला सगळ्यांत सुंदर फोटो त्या वळणाचाच आला. पाण्यावर विळ्यासारखी वाकलेली रेघ आणि तिच्या टोकाला डोंगा.

दुसरी अडचण वेगाची. ड्रोन नावेच्या मागे लागला की चित्रात सतत पाठच दिसते. तो नावेच्या थोडा पुढे आणि बाजूला ठेवून, आडवा सरकवत न्यावा लागतो. म्हणजे उडवणाऱ्याला मामा पुढच्या पाच सेकंदांत कुठे असतील हे आत्ताच माहीत हवं. यंत्रात 'पाठलाग कर' अशी सोय असते, पण पाण्याच्या चमकीत ती गोंधळते. आमच्या वेळी तिने डोंगा सोडून एका तरंगत्या जलपर्णीच्या बेटाचा पाठलाग धरला. मुलाने ती सोय बंद केली आणि अंगठ्यांनी चालवायला घेतलं. त्याचे अंगठे मामांच्या वल्ह्याच्या लयीत हलत होते. एक, दोन, थांबा. एक, दोन, थांबा. मी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे. ड्रोनच्या पोटाखाली जमीन पाहणारे डोळे असतात. जमिनीवरची दगडमाती स्थिर असते, म्हणून त्यांना आपण कुठे आहोत हे कळतं. पाणी हलतं. खूप खाली आणलं की त्या डोळ्यांची फसवणूक होते आणि यंत्र पाण्याबरोबर वाहू लागतं, कधी खाली बसू पाहतं. आणखी मोठा धोका 'घरा'चा आहे. ड्रोन जिथून उडाला ती जागा तो घर मानतो, आणि संपर्क तुटला किंवा बॅटरी संपत आली की आपण होऊन घरी परततो. काठावरून उडवला तर घर काठावर. पण कुणी हौसेने चालत्या नावेतून उडवला, तर नाव पुढे जाते आणि घर मागे राहतं, नुसत्या पाण्यावर. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तलावावर त्याचा पहिला ड्रोन असाच, अगदी शिस्तीत, हळूहळू, आपल्या 'घरी' उतरला. घर तीस फूट पाण्यात होतं. हप्ते अजून चालू आहेत. त्या दिवसापासून तो काठावरूनच उडवतो. नावेतून उडवणं भागच असेल, तर घराची जागा रिमोटबरोबर सरकत राहील अशी मांडणी आधी करायची, हातातून सोडायचा आणि हातातच झेलायचा.

आणि वारा. बॅटरी कागदावर तीस मिनिटांची असली तरी पाण्यावर वीसच धरायची, असा त्याचा हिशेब. जाताना वारा पाठीशी असला की यंत्र मजेत जातं आणि माणूस विसरतो की येताना तोच वारा छातीवर घ्यायचा आहे. म्हणून तो नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे निघतो. नऊ वाजता समोरच्या सोयाबीनच्या पिवळ्या पडत चाललेल्या रानावरून पहिली झुळूक आली, पाण्यावर शहारे उठले आणि डोंग्याची रेघ त्यांत मिसळून गेली. "झालं ताई आजचं," म्हणत त्याने ड्रोन उतरवला. मामांचं जाळंही तेव्हाच संपलं होतं. मासे काढणारा आणि फोटो काढणारा यांचं घड्याळ एकच आहे, हे मला त्या सकाळी समजलं.

हेलिकॉप्टरच्या दारातून

वरून फोटो घेण्याची ओढ ड्रोनपेक्षा फार जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये बलूनमधून पॅरिसजवळच्या गावाचा फोटो घेतला. तो आज उरलेला नाही. १८८८ मध्ये आर्थर बात्यू याने कॅमेरा पतंगाला बांधून वर चढवला. संक्रांतीला मांजा हाताला लागलेल्या कुणालाही कळेल की वाऱ्यात पतंग स्थिर ठेवून नेमक्या क्षणी झडप उघडणं किती अवघड असेल.

मराठी वाचकाला वरून पाहायला शिकवलं ते गोपाळ बोधे यांनी. नौदलात छायाचित्रकार असलेल्या बोध्यांनी हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसून मुंबई, किनारा, दीपगृहं टिपली. पुढे उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' या २०१० च्या पुस्तकात किल्ले वरून दिसले आणि 'पाहावा विठ्ठल'मध्ये वारी. चालणाऱ्या दिंडीचा वरचा फोटो पाहिला की मला नावच आठवते. तिथेही चेहरे दिसत नाहीत, वाट दिसते.

हेलिकॉप्टरमधून चालत्या शिडाच्या नावेचा फोटो घेणं हे तर वेगळंच शास्त्र. पात्यांचा वारा खाली कोसळतो. तो शिडावर आला तर शीड फडफडतं, नाव डगमगते आणि ज्याचा फोटो घ्यायचा तेच बिघडतं. म्हणून वैमानिक नावेच्या वाऱ्याआडच्या बाजूला राहतो, म्हणजे त्याचा वारा नावेपासून लांब वाहून जातो. छायाचित्रकार कॅमेरा कुठेही टेकवत नाही, कारण टेकवला की हेलिकॉप्टरची थरथर चित्रात उतरते. तो स्वतःच्या शरीराची स्प्रिंग करतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही शिडाची नाव घेऊन दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. समुद्रावरच्या अशा माणसाचं एकटेपण वरून घेतलेल्या चित्रातच नीट कळतं. काठ नसतो, दुसरी नाव नसते. एक पांढरा ठिपका आणि त्याच्या मागची रेघ.

ती रेघ नसली तर? दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले होते. १९६८ च्या काळात जी साधनं होती तेवढीच वापरायची, अशी ती शर्यत. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळाने नाव उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. नौदलाचं पी-८आय विमान मॉरिशसहून उडालं आणि त्याने नाव शोधून काढली. त्या विमानातून घेतलेलं चित्र तेव्हा सगळीकडे छापून आलं. मोडकी डोलकाठी दोरखंडांसकट बाजूला लोंबते आहे, नाव लाटांवर लोळते आहे, आणि मागे रेघ नाही. जमिनीवरच्या माणसांना त्या एका चित्रातून कळलं की ही नाव आता आपल्या बळावर कुठेही जाणार नाही. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं. मी ते चित्र तेव्हा वर्तमानपत्रात पाहिलं होतं. पण त्यात काय नाही हे मला एकबुर्जीच्या काठावर बसल्यावर उमगलं.

वर पाहू नका

या कलेत जीव जाऊ शकतो, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते.

नावेतली माणसं ड्रोन दिसला की एका बाजूला येतात, उभी राहतात, हात हलवतात. लहान नाव एवढ्याने कलते. सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून एकाच वेळी अकरा जणांचा जीव गेला. तिथे ड्रोनचा काही संबंध नव्हता. पण लहान नावेला माणसांचा भार आणि हालचाल किती झेपते हे विदर्भाने तेव्हा पाहिलं आहे. हौशी मंडळींना नावेत बसवून फोटो घ्यायचा असेल, तर आधी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं आणि सगळ्यांनी बसलेलंच असावं. मामा जॅकेट घालत नाहीत, त्यांना वल्हवताना ते आड येतं. मुलाने दोन जॅकेटं आणली होती. बराच वेळ हो-नाही झाल्यावर मामांनी एक घातलं, आणि फोटोतला केशरी ठिपका तोच आहे. तो ठिपका नसता तर चित्र इतकं उठलं नसतं, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं.

कायदाही आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यावर दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. आकाशाच्या मोकळ्या, म्हणजे हिरव्या पट्ट्यातही चारशे फुटांच्या वर जायचं नाही आणि यंत्र नजरेआड होऊ द्यायचं नाही. आपल्या डोक्यावरचं आकाश हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे, हे 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर निघण्याआधी पाहायचं. धरण ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तेव्हा तिथल्या कार्यालयाला आधी लेखी कळवावं. आम्ही कळवलं होतं. लग्नाच्या हंगामात हे किती जण करतात?

आणि पाखरं. आम्ही गेलो तेव्हा चक्रवाक यायचे होते. हिवाळ्यात ते आणि इतर पाहुणे आले की धरणाच्या उथळ टोकाला ड्रोन नेणं पाप आहे, मी हा शब्द विचार करून वापरते. एक घिरटी, आणि हजारो मैल उडून आलेला थवा पोटातली शक्ती खर्चून उठतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. तेव्हाही नाही. घार मात्र आपला बंदोबस्त आपण करते. दुसऱ्या दिवशी एक घार ड्रोनच्या वर येऊन दोन फेऱ्या मारून गेली. मुलाने काही न बोलता यंत्र खाली घेतलं आणि दहा मिनिटं बसून राहिला.

मामांनी फोटो वाचला

दुसऱ्या दिवशी जाळं उचलून झाल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. मुलाने टॅबलेटवर फोटो उघडला आणि मामांच्या हातात दिला. मामांनी हात पंच्याला पुसले, पडदा लांब धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ते स्वतःला शोधताहेत. ते पाणी वाचत होते.

"हा पायला का?" त्यांचं बोट काठाजवळच्या एका काळसर पट्ट्यावरून सरकलं. "हा जुना नाला होय. धरण नोतं तवा आमी इथून बैल घेऊन जात होतो. मले वाटे का गाळानं भरला असंन. नाई भरला." पोलरायझरच्या काचेतून पाण्याखालची ती घळ स्पष्ट दिसत होती. खोल पाणी, म्हणजे उन्हाळ्यात मासा तिथे जाऊन बसणार. मग त्यांना जलपर्णी दिसली. काठावरून ती चार ठिकाणी वाटते. वरून पाहिलं तर एकच पट्टा होता, ओढ्याच्या तोंडापासून आत येणारा. "तिकून येते हे," ते म्हणाले. "तिथंच अडवा लागते." आणि मग त्यांना आपलं जाळं दिसलं. तरंगत्या ठोकळ्यांची ओळ मधेच पोटात गेली होती. "वाकडं लागलं," ते पुटपुटले आणि जरा ओशाळले.

शेवटी ते स्वतःपर्यंत पोचले. डोंग्यामागच्या भोवऱ्यांच्या दोन ओळींत डावीकडचे मोठे, उजवीकडचे लहान होते. मी विचारलं, तुमचा डावा खांदा जास्त जोर लावतो का? त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. उजवा खांदा ते बांधकामावर मजुरीला असताना निखळला होता, तेव्हापासून त्यात तेवढा दम नाही. "हे बी दिसते का पान्यावर?" ते म्हणाले.

दिसतं. मी तो फोटो कितीतरी वेळा पाहिला आहे. प्रत्येक वेळी माझी नजर आधी त्या भोवऱ्यांवर जाते.

वाचकांना एक विनंती. धरणावर, खाडीत, नदीच्या घाटावर तुम्ही कुणाच्या नावेत बसून किंवा कुणाच्या चालत्या नावेवर ड्रोन उडवून फोटो काढलात, तर त्या माणसाच्या वेळेचे पैसे द्या, आणि फोटोची कागदावर छापलेली प्रत त्याला नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो. छापलेली प्रत घरात राहते, आणि तिच्यात तुम्हाला दिसणार नाही ते त्याला दिसतं.

मामांसाठी आम्ही बारा बाय अठरा इंचांच्या दोन प्रती छापल्या. एक त्यांच्या घरी आहे. दुसरी त्यांनी संस्थेच्या कार्यालयासाठी मागून घेतली होती. तिच्यात जलपर्णी कुठून आत येते ती जागा त्यांनी स्वतः लाल पेनाने गोल करून दाखवली आहे.